बदली बचावपटू : अल आर्बर

अल आर्बर नॅशनल हॉकी लीगमध्ये ६२६ सामने खेळला आणि या ६२६ सामन्यांत त्याने बारा गोल केले. हिशेब मांडला तर सुमारे बावन्न सामन्यांमागे एक. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याच्या संघांनी ७८२ सामने जिंकले. १९९४ साली तो निवृत्त झाला तेव्हा या यादीत त्याच्या वर एकच नाव होते, स्कॉटी बोमन. बारा आणि ७८२ या दोन आकड्यांमध्ये नेमके काय घडले असावे, हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे.

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ येते आणि ध्यानचंद येतात. येथे बर्फावरची हॉकी अभिप्रेत आहे, म्हणून दोन शब्द खेळाविषयी सांगणे भाग आहे. लाकडी कठड्याने वेढलेल्या बर्फाच्या आयतावर दोन्ही बाजूंचे सहा-सहा गडी असतात. त्यांतला एक गोलरक्षक, दोघे बचावपटू आणि तिघे आघाडीवीर. चेंडूच्या जागी कडक रबराची जाड चकती असते, तिला पक म्हणतात. पण या खेळाचे खरे वैशिष्ट्य पकात नसून बाकावर आहे. बर्फावर पूर्ण वेगाने धावणे माणसाला फार तर मिनिटभर झेपते. त्यामुळे सामना चालू असतानाच थकलेले गडी कठड्यावरून आत उड्या टाकतात आणि ताजे गडी बाहेर. सामनाभर ही ये-जा चालू राहते. कोण केव्हा उतरणार आणि समोरच्या कोणासमोर उतरणार, हे प्रशिक्षक ठरवतो. बाकावर बसून राहणे हा येथे खेळाचाच भाग आहे, आणि आर्बरने आयुष्याचा मोठा भाग त्या बाकावर काढला.

इंग्रजीत अशा खेळाडूसाठी जो शब्द आहे तो मूळचा कारागिरांच्या श्रेणींतला आहे : उमेदवारी संपलेली, हात कसबी, पण स्वतःचे दुकान नाही आणि काम रोजावर. मराठीत त्याला तंतोतंत प्रतिशब्द नाही. आम्हाला गिरणगावातला ‘बदली’ हा शब्द त्याच्या जवळचा वाटतो. बदली कामगाराला साचा चालवता येत नसे असे नव्हे. कायम कामगाराइतकाच तो वाकबगार असे. फरक एवढाच की सकाळी दरवाजावर हजर होईपर्यंत आज आपल्याला काम आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसे. दुसऱ्याच्या गैरहजेरीवर त्याची भाकरी अवलंबून असे.

आर्बरचा जन्म १९३२ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, सडबरी या खाणींच्या गावी झाला. त्याच्या तरुणपणी, म्हणजे १९४२ ते १९६७ या पंचवीस वर्षांत, नॅशनल हॉकी लीगमध्ये अवघे सहा संघ होते : माँट्रिअल, टोरांटो, बोस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो. एका संघात वीसेक माणसे धरली तरी साऱ्या जगात या दर्जाच्या जागा होत्या सव्वाशेच्या आसपास. बाकीचे शेकडो गुणी खेळाडू दुय्यम लीगांत, कोणाला तरी दुखापत होण्याची वाट पाहत खेळत. खेळाडू करारान्वये संघमालकाच्या ताब्यात असे. आपण होऊन दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती. १९५७ साली डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना उभारण्याचा घाट घातला, तेव्हा त्याच्यासारख्या अव्वल खेळाडूलाही मालकांनी शिकागोला धाडून दिले. शिकागो तेव्हा तळाशी रेंगाळणारा संघ होता. इतरांना त्यातून जो धडा मिळायचा तो मिळाला. त्या वेळी आर्बर डेट्रॉइटच्याच पदरी होता. १९५३-५४ च्या हंगामात तो त्यांच्याकडून ३६ सामने खेळला होता, मग त्याची रवानगी पश्चिमेला एडमंटनच्या दुय्यम संघात झाली होती, आणि लिंडसे गेला त्याच मोसमात त्याला पुन्हा वर बोलावण्यात आले. वर्षभराने तोही शिकागोत दाखल झाला.

कसा दाखल झाला, ते पाहण्यासारखे आहे. दर जूनमध्ये प्रत्येक संघ आपल्याला राखायच्या खेळाडूंची यादी देई. यादीबाहेर उरलेल्यांना इतर संघ ठराविक रक्कम मोजून उचलू शकत. १९५८ मध्ये शिकागोने आर्बरला असे उचलले. १९६१ मध्ये टोरांटोने शिकागोकडून उचलले. १९६७ मध्ये सेंट लुईने टोरांटोकडून उचलले. तिन्ही वेळा त्याच्यासाठी कोणी सौदा केला नाही, कोणी बदल्यात माणूस दिला नाही. तो उरला होता म्हणून गेला. गंमत अशी की १९६१ सालचा स्टॅनली करंडक शिकागोने जिंकला, १९६२ चा टोरांटोने, आणि आर्बर दोन्ही वेळा विजेत्या संघात होता. लागोपाठ दोन वर्षे, दोन निरनिराळ्या संघांतून हा करंडक उचललेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

त्याचा खेळ दिसायला मुळीच देखणा नव्हता. तो घरबशा बचावपटू होता, म्हणजे पुढे धावून जाण्याच्या फंदात न पडता आपल्या गोलसमोर ठाण मांडून बसणारा. फटक्याच्या वाटेत अंग घालून पक अडवणे ही त्याची ख्याती. आणि हे सारे चष्मा लावून! चष्मा घालून या लीगमध्ये खेळलेल्या शेवटच्या मोजक्या खेळाडूंपैकी तो एक. शिरस्त्राण घालण्याची तेव्हा रीत नव्हती, आणि गोलरक्षकाने तोंडावर मुखवटा चढवणे हेदेखील जॅक प्लांटने १९५९ च्या नोव्हेंबरात हट्टाने केले तेव्हा भेकडपणाचे मानले गेले. अशा काळात डोळ्यांवर काच घेऊन रबरी गोळ्यासमोर लोळण घेणाऱ्या माणसाविषयी आम्हाला आदर वाटतो. थोडी धास्तीही वाटते.

१९६२ नंतरची पाच वर्षे बहुतांशी रॉचेस्टर येथे गेली. हा टोरांटोचा दुय्यम संघ. येथे तो कर्णधार होता. १९६५ आणि १९६६ अशी दोन वर्षे संघाने अमेरिकन हॉकी लीगचा कॅल्डर करंडक जिंकला, आणि १९६५ साली त्या लीगमधला सर्वोत्तम बचावपटू म्हणून आर्बरचा गौरव झाला. याच संघात डॉन चेरी नावाचा दुसरा एक बदली बचावपटू होता. त्याच्या खात्यावर नॅशनल हॉकी लीगचा जन्मात एकच सामना आहे, १९५५ सालचा, बोस्टनकडून. दोघेही पुढे प्रशिक्षक झाले, दोघांचीही नावे झाली. स्वभाव मात्र दोन टोकांचे. चेरी भडक कोट घालून दूरचित्रवाणीवर आला आणि २०१९ साली एका वक्तव्यावरून त्याला काढून टाकेपर्यंत कॅनडाभर गाजत राहिला. पण प्रशिक्षक म्हणून त्याची ओळख एका रात्रीशी जखडली आहे. १९७९ च्या मे महिन्यात, माँट्रिअलविरुद्धच्या निर्णायक सामन्यात, बोस्टन आघाडीवर असताना आणि शेवटची काही मिनिटे उरली असताना त्याच्या संघाचा एक गडी बर्फावर जास्त झाला. बाकावरची मोजणी चुकली होती. त्या दंडाच्या काळात माँट्रिअलने बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना खेचला. समोरच्या बाकावर स्कॉटी बोमन होता.

या बोमनशी आर्बरची गाठ १९६७ साली पडली. त्या वर्षी लीगने एका दमात सहा नवे संघ सामावून घेतले आणि नोकऱ्यांची संख्या रातोरात दुप्पट झाली. रॉचेस्टरसारख्या गावी वय झालेले अनेक जण त्यामुळे पुन्हा वर आले. आमच्या मते आर्बरच्या चरित्रातली सर्वांत निर्णायक घटना हीच, आणि तिच्यात त्याचे कर्तृत्व शून्य होते. विस्तार झाला नसता तर चष्मेवाला एक चिवट बचावपटू म्हणून रॉचेस्टरच्या जुन्या प्रेक्षकांनी त्याला आठवले असते, इतकेच. तो सेंट लुईचा पहिला कर्णधार झाला. पहिल्याच हंगामात संघाची सूत्रे बोमनकडे आली. तारुण्यात डोक्याला झालेल्या दुखापतीमुळे बोमनची खेळाडू म्हणून कारकीर्द वाढलीच नव्हती. प्रशिक्षक कर्णधारापेक्षा दहा महिन्यांनी लहान, असा तो प्रकार होता. ग्लेन हॉल, डग हार्वी, मग प्लांट अशी उताराला लागलेली मोठी नावे बोमनने गोळा केली. नव्या सहा संघांचा गट वेगळा असल्यामुळे त्यांतला एक संघ अंतिम फेरीत जाणार हे ठरलेलेच असे. सेंट लुई तीनदा गेला, १९६८, १९६९ आणि १९७०, आणि तिन्ही वेळा एकही सामना न जिंकता, ०-४ असा हरला.

त्यांतला शेवटचा गोल जगप्रसिद्ध आहे. १० मे १९७० रोजी बोस्टनच्या बॉबी ऑरने जादा वेळेत गोल केला आणि सेंट लुईच्या बचावपटूचा धक्का लागून तो हवेत आडवा झाला. पक्ष्यासारख्या पसरलेल्या त्या देहाचे छायाचित्र हॉकीशी संबंध नसलेल्यांनीही पाहिलेले असते. ऑर हाही बचावपटूच. पण त्या मोसमात त्याने ३३ गोल केले आणि गोल व साहाय्य मिळून १२० गुण नोंदवून लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. बचावपटूने असे करावे, हे आर्बरच्या पिढीच्या स्वप्नातही नव्हते. त्याच्या व्यवसायाचा अर्थच त्या तरुणाने बदलून टाकला होता, आणि आर्बर हरलेल्या संघात होता.

प्रशिक्षकपदाची सुरुवात अडखळतच झाली. १९७०-७१ मध्ये बोमनने त्याच्याकडे संघ सोपवला, पन्नास सामन्यांनंतर स्वतःकडे परत घेतला, आणि आर्बर निमूटपणे पुन्हा बूट चढवून खेळायला उतरला. बदलीची सवय म्हणायची ती हीच. पुढच्या वर्षी पुन्हा प्रशिक्षक, आणि १९७२-७३ मध्ये तेरा सामन्यांनंतर हकालपट्टी. त्याच हंगामात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एक नवा संघ जन्मला होता, आयलंडर्स. पहिल्या वर्षी तो ७८ पैकी बारा सामने जिंकला आणि साठ हरला. सरव्यवस्थापक बिल टॉरी याने १९७३ मध्ये आर्बरला बोलावले.

पहिल्या वर्षात संघ काही फार जिंकू लागला नाही. बाराचे एकोणीस झाले. पण संघाने खाल्लेल्या गोलांची संख्या ३४७ वरून २४७ वर आली. एका हंगामात शंभर गोल कमी! त्या वर्षी डेनिस पॉटव्हिन नावाचा असामान्य तरुण बचावपटू संघाला मिळाला होता, हे खरे. पण शंभर गोल कोणी एकटा अडवत नसतो. आम्हाला या आकड्यात आर्बरचा हात स्पष्ट दिसतो. कोठे उभे राहावे, कोणाला सोडू नये, केव्हा परत फिरावे, हे त्याला ठाऊक होते, कारण त्याखेरीज त्याच्याजवळ पोट भरण्याचे दुसरे साधन कधी नव्हते.

येथे एक सोपा सिद्धान्त मोह घालतो : सुमार खेळाडू चांगला गुरू होतो, कारण त्याला सारे कष्टाने शिकावे लागलेले असते. हे वाक्य सर्वत्र ऐकू येते, आणि आम्हाला ते आळशीपणाचे वाटते. तसे असते तर दुय्यम लीगांतून गुरूंचे पीक आले असते. शिवाय अशा माणसाला सर्वांत सुचण्यासारखी गोष्ट म्हणजे सगळ्यांना आपल्यासारखे करणे. आर्बरने ते केले नाही. ज्या ऑरने त्याच्या पिढीला कालबाह्य ठरवले, त्याच्याच वाटेवर चालायला त्याने पॉटव्हिनला मोकळीक दिली. गोलांच्या आणि गुणांच्या बाबतीत ऑरला मागे टाकणारा पहिला बचावपटू पॉटव्हिनच ठरला. १९७७ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत माइक बॉसीला चौदा वेळा वगळण्यात आले, कारण त्याला प्रतिस्पर्ध्याला अडवता येत नाही असा बोभाटा होता. टॉरी द्विधा मनःस्थितीत होता. गोल करणाऱ्याला अडवायला शिकवणे सोपे, उलटे अवघड, अशा अर्थाचा सल्ला आर्बरने दिला आणि आयलंडर्सने पंधराव्या क्रमांकावर बॉसी घेतला. पहिल्याच हंगामात त्याने ५३ गोल केले, सबंध कारकीर्दीत ७५२ सामन्यांत ५७३. बारा गोल करणाऱ्या माणसाला इतरांच्या गोलांचा हेवा वाटत नव्हता. ही गोष्ट केवळ कष्टाने शिकता येत नाही, आणि कोणत्याही सिद्धान्तात ती बसत नाही.

१९७५ च्या वसंतात या बाळसंघाने एक चमत्कार केला. पिट्सबर्गविरुद्धची मालिका ०-३ अशी पिछाडीवर असताना आर्बरने गोलरक्षक बदलला, बिली स्मिथच्या जागी ग्लेन रेशला उतरवले, आणि पुढचे चारही सामने जिंकून मालिका खिशात घातली. असे त्याआधी फक्त एकदा, १९४२ साली टोरांटोकडून घडले होते. पण त्यानंतरची काही वर्षे हा संघ ऐन वेळी कच खाणारा म्हणून बदनाम झाला. १९७८ मध्ये टोरांटोकडून आणि १९७९ मध्ये शेजारच्या न्यूयॉर्क रेंजर्सकडून हार पत्करावी लागली.

मग आला तो सौदा. १० मार्च १९८० रोजी टॉरीने लॉस एंजेलिसहून बुच गोरिंगला आणले आणि बदल्यात बिली हॅरिस व डेव्ह लुइस यांना पाठवले. हॅरिस हा १९७२ साली संघाने निवडलेला अगदी पहिला खेळाडू; त्या पराभूत हंगामापासून तो क्वचितच सामना चुकला होता. लुइस हा घरबशा बचावपटू, मुकाट्याने राबणारा, पहिल्या हंगामापूर्वीच्या निवडीत नव्हे पण संघाच्या त्या हलाखीच्या काळातच वर आलेला. थोडक्यात दुसरा आर्बरच. सौद्यानंतर आयलंडर्स उरलेल्या बारा सामन्यांत एकदाही हरले नाहीत आणि अडीच महिन्यांच्या आत त्यांनी करंडक जिंकला. हॅरिस आणि लुइस यांनी तो दुरून पाहिला. ज्या यंत्राने आर्बरला तीनदा यादीबाहेर फेकले, तेच यंत्र आता त्याच्या बाजूने चालत होते. सौदा करणारा टॉरी होता हे मान्य. पण त्याचे फळ आर्बरच्या पदरात पडले, आणि त्या फळाची किंमत कोण मोजतो, हे त्याच्याइतके बाकावरच्या दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? खेळाच्या इतिहासलेखनात विजयी सौद्यांचे कौतुक असते, पाठवलेल्यांचे तळटिपेतही नसते, म्हणून येथे नोंदवतो : लुइस खेळाडू म्हणून करंडकाला कधीच शिवू शकला नाही. पुढे तोही प्रशिक्षक झाला, आणि डेट्रॉइटमध्ये स्कॉटी बोमनच्या हाताखाली काम करून २००२ मध्ये त्याच्याच जागी आला.

२४ मे १९८० रोजी फिलाडेल्फियाविरुद्धच्या सहाव्या सामन्यात, जादा वेळेत, बॉब नायस्ट्रॉमने तो करंडक आणणारा गोल केला. पक लॉर्न हेनिंगकडून जॉन टोनेलीकडे आणि टोनेलीकडून नायस्ट्रॉमकडे आला. बॉसी, ब्रायन ट्रॉटिए, पॉटव्हिन यांच्यापैकी एकही या साखळीत नाही. हेनिंग तर त्या वर्षी निम्मे सामने बाहेर बसणारा, शब्दशः बदली खेळाडू. जादा वेळेत, साऱ्या हंगामाचा फैसला होत असताना, अशा माणसाला बर्फावर उतरवायला प्रशिक्षकाला काय लागते, ते ज्याने कोणाच्या तरी विश्वासाची वाट पाहत वर्षे काढली आहेत त्यालाच कळावे.

त्यानंतर १९८१, १९८२, १९८३ : सलग चार करंडक. १९८४ च्या अंतिम फेरीत एडमंटनकडून हरेपर्यंत या संघाने बाद फेरीच्या सलग एकोणीस मालिका जिंकल्या होत्या; हा विक्रम लीगमध्ये अजून मोडलेला नाही. १९८३ मध्ये याच एडमंटनला त्यांनी ४-० असे हरवले आणि वेन ग्रेट्स्कीला अंतिम फेरीत एकही गोल करू दिला नाही. सामना संपल्यावर विजेत्यांच्या खोलीवरून जाताना काय दिसले, ते ग्रेट्स्कीने पुढे अनेकदा सांगितले आहे. आत जल्लोष असेल असे त्याला वाटले होते. प्रत्यक्षात आयलंडर्स गुडघ्यांवर, खांद्यांवर, तोंडावर बर्फाच्या पिशव्या धरून बसले होते. एडमंटनचे तरुण मात्र जवळजवळ धडधाकट होते. सबंध संघाने फटक्यांच्या वाटेत अंग घातले होते. आम्हाला त्या खोलीत रॉचेस्टरचा चष्मेवाला कर्णधार दिसतो.

१९८६ मध्ये आर्बर बाजूला झाला, १९८८ च्या डिसेंबरात संघ डबघाईला आल्यावर परत आला. या दुसऱ्या खेपेत करंडक नव्हता, पण १९९३ चा वसंत होता. पिट्सबर्गने आधीची दोन वर्षे करंडक जिंकला होता आणि साखळीतही तोच अव्वल होता. त्यांच्या बाकावर कोण उभा होता? स्कॉटी बोमन. आयलंडर्सचा मुख्य गोल करणारा पिएर टर्जन आधीच्या फेरीत जखमी झालेला. मालिका सातव्या सामन्यापर्यंत आणि सातवा सामना जादा वेळेपर्यंत ताणला गेला. तेथे डेव्हिड व्होलेकने गोल केला. हा झेक आघाडीवीर त्या मोसमात बरेचदा संघाबाहेर बसलेला होता. पुन्हा एकदा बदली. पुढच्या फेरीत आयलंडर्स माँट्रिअलकडून हरले.

१९९४ मध्ये आर्बर निवृत्त झाला तेव्हा आयलंडर्सचा प्रशिक्षक म्हणून त्याच्या खात्यावर १,४९९ सामने आणि ७३९ विजय होते. १९९७ साली संघाने ‘७३९’ असा आकडा लिहिलेला ध्वज आपल्या सभागृहाच्या छताला टांगला. दीड हजाराला एक सामना कमी पडतो, हे तत्कालीन प्रशिक्षक टेड नोलन याला अस्वस्थ करत होते. त्याच्या पुढाकाराने ३ नोव्हेंबर २००७ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, आर्बर एका सामन्यापुरता पुन्हा बाकामागे उभा राहिला. प्रतिस्पर्धी पुन्हा पिट्सबर्गच. संघ दोन गोलांनी मागे पडला आणि ३-२ असा जिंकला. विजय ७४० झाले. जुना ध्वज उतरवण्यात आला. नव्या ध्वजावर मात्र ७४० लिहिलेले नव्हते. त्यावर आकडा होता १,५००, म्हणजे ज्या दिवशी तो कामावर हजर होता अशा दिवसांचा.